कुठला गट, कुठला फलाट

माझ्यासमोर भाच्याचा एक कागद आहे. चार घड्या पडलेला, उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग, आणि वरपासून खालपर्यंत आकडे. मधूनमधून रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी शब्द. भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. मागच्या हिवाळ्यात मी चार महिने त्याच्याकडे होतो आणि परत निघताना हा कागद मागून घेतला. तो म्हणाला, "मामा, त्यात वाचण्यासारखं काय आहे? यंत्रात भरायचं टिपण आहे ते." एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये.

यंत्र म्हणजे स्कॅनर. दिसायला पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखा, पेन्सिल सेलवर चालणारा. पण त्यातून बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. गावातले अग्निशामक, रुग्णवाहिकावाले, पाणीवाले, रस्तेवाले आपापसांत रेडिओवर जे बोलतात ते हा पकडतो. तिथं घरात बसून असं उघडं बोलणं ऐकायला मनाई नाही, आणि हजारो लोकांचा तो छंद आहे. यंत्र मी आणलं नाही. आपल्याकडे १९३३च्या बिनतारी कायद्यानं परवान्याशिवाय असलं यंत्र जवळ बाळगण्यालाच बंदी घातली आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानंही परवानगीची अट सोडलेली नाही. शिवाय माझ्या गावी, कशेडी घाटाच्या पायथ्याशी बसून ते ऐकणार काय? म्हणून कागद आणला. कागदाला परवाना लागत नाही.

दहावीच्या उत्तरपत्रिकेत रसग्रहणाचे तीन खण असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुलं तिन्ही खणांत एकच वाक्य शब्द फिरवून लिहायची आणि मी गुण द्यायचो, कारण पेपर दोनशे असायचे आणि मुदत आठवड्याची. आता मला कुणी मुदत दिलेली नाही. बाहेर घाटात पाऊस आहे, वीज दुपारपासून गेलेली आहे. कागद ओळीओळीनं वाचतो.

पहिली ओळ: 'पी २५. ट्रंक.' पी २५ हे तिथल्या रेडिओ-पद्धतीचं नाव.

माझ्या वयाच्या माणसाला 'ट्रंक' म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, पत्र्याची पेटी आणि ट्रंक कॉल. पेटीचा इथं संबंध नाही, कॉलचा आहे. पोस्टात जाऊन मुंबईचा नंबर नोंदवायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचं, आणि बाकावर बसून राहायचं. कधी तासात लागायचा, कधी जेवून परत यावं लागायचं. गावात फोन असलेली घरं दहा-वीस, पण गावाबाहेर जाणाऱ्या तारा एक किंवा दोन. ती सगळ्यांच्या मालकीची, म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली तार म्हणजे ट्रंक. सगळे एकाच वेळी बोलत नाहीत या भरवशावर तो सगळा कारभार चाले. हा भरवसा किती धरावा याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञानं मांडलं, आधी १९०९च्या आणि मग १९१७च्या लेखात. तारांवरची बोलण्याची वर्दळ मोजायचं एकक आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं. पोस्टातल्या बाकावर बसलेल्या मला कुणी सांगितलं असतं की तुझी ही ताटकळ डेन्मार्कमध्ये आधीच मोजून ठेवली आहे, तर मी जरा कमी चिडलो असतो.

रेडिओचंही पूर्वी असंच होतं, फक्त उलट्या बाजूनं. प्रत्येक खात्याला स्वतःची फ्रीक्वेन्सी. पाणीवाल्यांची दिवसभर ओस, अग्निशामकांची आगीच्या वेळी खचाखच. आणि एकाची ओस जागा दुसऱ्याला वापरता येत नाही. ट्रंक पद्धतीत सगळ्यांच्या फ्रीक्वेन्सी एका ढिगात टाकतात. कुणी बोलायचं बटण दाबलं की मधला संगणक ढिगातली एक मोकळी त्याला देतो, बोलणं संपलं की काढून घेतो. म्हणजे बंबवाल्याचा प्रश्न एका फ्रीक्वेन्सीवर जाईल आणि त्याला मिळालेलं उत्तर दुसऱ्याच फ्रीक्वेन्सीवर येईल. बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. पत्ता लागतो चोरून नव्हे, पण बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला. भाच्यानं मला एकदा मुद्दाम जुन्या रीतीनं ऐकवलं, म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सी एकामागून एक फिरवत. कुणाच्या तरी जिन्यात धूर, मग कचऱ्याच्या गाडीचं टायर, मग 'हो, निघालो', मग एक हसणं. लग्नाच्या मांडवात आंधळी कोशिंबीर खेळावी तसं. बोलणं सगळं कानावर येत होतं आणि संभाषण एकही नव्हतं.

दुसऱ्या ओळीत त्यावरचा उतारा आहे. 'कंट्रोल', आणि पुढे सातशे सत्तर मेगाहर्ट्झच्या आसपासचे चार आकडे. त्यांतल्या एकाखाली रेघ.

ही ओळ मला लगेच कळली, कारण मी आयुष्यभर पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभा राहिलो आहे. फलाट मोजके, गाड्या अनेक: महाबळेश्वरची, खेडची, महाडची, मुंबईच्या रातराण्या. फलाटावर गावांची पाटी असते, पण नवखा माणूसच पाटी बघतो. सरावलेला माणूस कान लावून बसतो, कारण खिडकीतले नियंत्रक माइकवरून सांगतील तो फलाट खरा. भाच्याच्या ट्रंक यंत्रणेत एक फ्रीक्वेन्सी अशा खिडकीसाठी राखून ठेवलेली असते. तिच्यावर माणूस बोलत नाही. तिच्यावरून संगणक अखंड पुकारा करत असतो: अमुक गट, तमुक फलाट, अमुक गट, तमुक फलाट. गट म्हणजे आपापसांत बोलणारी मंडळी, फलाट म्हणजे त्यांना त्या क्षणी मिळालेली फ्रीक्वेन्सी. पी २५ पद्धतीत हा पुकारा सेकंदाला ९,६०० बिट या वेगानं चालतो. चार आकडे अशासाठी की खिडकी यांपैकी कुठल्याही एका जागी असू शकते. एक बिघडली की पुकारा दुसरीवर जातो. रेघ मारलेला आकडा म्हणजे त्या महिन्यात खिडकी जिथे उघडी सापडली ती जागा.

भाच्यानं तो पुकारा मला नुसता, उघडा ऐकवला होता. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा खरखरीत, न थांबणारा आवाज. त्यात एकही शब्द नाही आणि त्या गावातल्या प्रत्येक शब्दाची वाट मात्र त्यातून जाते. स्कॅनर आधी हे ऐकतो, त्यातून आपल्याला हवा असलेला गट पुकारला गेला की उडी मारून त्या फलाटावर जातो, बोलणं संपलं की परत खिडकीपाशी. मला या कागदातलं सगळ्यात आवडलेलं हेच. श्रोता बोलण्याच्या मागे धावत नाही. तो मांडणीवर कान ठेवतो आणि बोलणं आपल्या पायानं चालत त्याच्याकडे येतं. वर्गात कविता वाचून दाखवताना मी हेच सांगायचा प्रयत्न करत असे, की आधी चाल कानात बसू दे, अर्थासाठी धडपडू नकोस. मुलं म्हणायची, सर, अर्थ लिहून द्या.

मग तिसरी ओळ, आणि ती खोडलेली आहे. 'बेस', 'स्टेप' असे दोन शब्द लिहून त्यांवर दोन आडव्या रेघा, शेजारी 'आपोआप'. कच्च्या हस्तलिखितातली खाडाखोड मला पक्क्या प्रतीपेक्षा नेहमीच जास्त सांगते. इथं या खोडलेल्या दोन शब्दांत सगळा इतिहास आहे. पुकारा जेव्हा 'फलाट तीन' म्हणतो, तेव्हा तीन म्हणजे कुठली फ्रीक्वेन्सी, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? जुन्या काही पद्धतींत ते कळायचंच नाही. एडॅक्स नावाच्या पद्धतीत फ्रीक्वेन्सी यंत्रात भरताना त्या नेमक्या क्रमानं भराव्या लागत. पहिलीच्या घरात पहिली, तिसरीच्या घरात तिसरी. एक जागा चुकली की यंत्र आत्मविश्वासानं भलत्याच फलाटावर जाऊन उभं राहायचं. ओवीतले साडेतीन चरण कुणी उलटसुलट लावावेत, शब्द सगळे बरोबर आणि ओवी गायब, तसं. मोटोरोलाच्या जुन्या पद्धतीत आणखी एक खोच होती: गटांचे क्रमांक सोळाच्या पटीतच असायचे. मधले पंधरा आकडे रिकामे नव्हते. त्याच गटाची अवस्था सांगायला ते राखलेले असत. मूळ आकड्यात थोडी भर पडली की तो गट संकटात आहे किंवा दुसऱ्या गटाशी जोडला आहे, असा अर्थ. शब्द तोच ठेवून प्रत्यय बदलायचा. विभक्तीच म्हणा ना.

पी २५ मध्ये खिडकी स्वतःच मधूनमधून सांगते की आमचे फलाट कसे मोजायचे. म्हणून 'आपोआप'. भाच्यानं जुन्या सवयीनं शब्द लिहिले, मग लक्षात आलं की इथं लागत नाहीत, मग खोडले. १९९७ साली युनिडेन कंपनीचा बेअरकॅट बीसी २३५ एक्सएलटी बाजारात आला, हातात धरून ट्रंकचा माग काढणारा पहिला स्कॅनर. त्याआधी हौशी मंडळी रेडिओला संगणक जोडून हा उद्योग करत. आता तर असे स्कॅनर निघाले आहेत की आपल्या गावाचा पिनकोड सांगितला की सगळं स्वतःच भरून घेतात. भाच्याला ते नको होतं. "मग करायचं काय उरलं?" असं तो म्हणाला, आणि मला तो आवडला. गाइडातलं रसग्रहण उतरवून काढणाऱ्या मुलाला मी हेच विचारायचो.

चौथ्या ओळीत साइटचं नाव आहे आणि कंसात, रोमन अक्षरांत, 'फ्रिजच्या मागे'. हे वाचून मी मोठ्यानं हसलो होतो. पण ती चेष्टा नाही. मोठ्या गावात एकाच मनोऱ्यानं भागत नाही, म्हणून चार-पाच मनोरे एकाच फ्रीक्वेन्सीवर एकाच क्षणी तोच संदेश सोडतात. गाडीत बसलेल्या बंबवाल्याला यानं सोयच होते. स्कॅनरवाल्याचे मात्र हाल, कारण दोन मनोऱ्यांवरून तोच संदेश त्याच्याकडे किंचित पुढेमागे पोचतो आणि आकड्यांचा चिवडा होतो. सिग्नल पूर्ण, ऐकू येत नाही काही. कशेडीच्या वळणावर उभं राहून समोरच्या कड्याला हाक मारून पाहा. एक कडा असेल तर हाक स्वच्छ परत येते. दोन कडे वेगवेगळ्या अंतरावर असतील तर आपलंच नाव आपल्याला ओळखू येत नाही. यावर आमच्याकडचा गुराखी काय करतो? जरा सरकतो, एका कड्याला पाठ करून उभा राहतो. भाच्यानं घरभर यंत्र घेऊन फिरून शेवटी तेच केलं. फ्रिजच्या लोखंडानं एक मनोरा अडला आणि दुसरा स्पष्ट झाला. जास्त ऐकू यावं म्हणून थोडं कमी ऐकायचं.

इथून खाली कागदाचा मुख्य भाग सुरू होतो. तेवीस गट, डावीकडे क्रमांक, उजवीकडे नाव. क्रमांक संगणकानं दिलेले, नावं भाच्यानं. यंत्राला देवनागरी येत नाही आणि एका नावाला सोळा अक्षरांची जागा. माझ्या वडिलांच्या पिढीनं तारेचे शब्द मोजून पैसे भरले, आणि आपल्याकडची तारसेवा बंद पडली त्या २०१३ नंतर काही वर्षांनी माझा भाचा परदेशात पुन्हा अक्षरं मोजत बसला होता.

नावं वाचण्यासारखी आहेत. 'आग मुख्य', 'आग २', 'आग ३'. 'बर्फ उत्तर', 'बर्फ दक्षिण'. 'पाणीवाले'. 'झाडं'. झाडं म्हणजे रस्त्यावर पडलेली झाडं तोडून नेणारं खातं. पण नुसतं 'झाडं' वाचताना वाटतं की तिथली झाडं एकमेकांशी बोलतात आणि आपण त्यांचा गट लावून ठेवला आहे. 'पूल'. 'शाळा बस'. 'सगळे'. हा शेवटचा असा की त्यावर कुणी बोललं तर साऱ्या गटांना एकदमच ऐकू जातं. फार क्वचित वाजतो म्हणे. गावचं दर्शन घ्यायचं तर लोक देवळं आणि बाजारपेठ दाखवतात. मला या यादीनं एडिसन जास्त दाखवलं. बर्फाला दोन गट आणि पाण्याला एक, यावरून तिथल्या रात्री कशा असतात ते कळलं. आमच्याकडे उलट झालं असतं. दरडीला चार गट लागले असते.

प्रत्येक नावापुढे आणखी एक बारीक शब्द आहे, आणि माझ्या मते कागदातला सगळ्यात देखणा शब्द तोच: 'थांब'. 'पाणीवाले, थांब २'. 'आग मुख्य, थांब ५'. इंग्रजी यंत्रात त्या जागी 'डिले' म्हणतात, म्हणजे उशीर. एक माणूस बोलून थांबला की यंत्रानं लगेच दुसरीकडे पळायचं, की उत्तराची वाट बघत तिथंच रेंगाळायचं, आणि किती सेकंद, ते इथं ठरवायचं. भाच्यानं उशीर म्हटलं नाही. त्यानं आज्ञार्थी रूप वापरलं, एकवचनी, घरातल्या लहान मुलाला सांगावं तसं. आगीला पाच सेकंद का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आत गेलेला माणूस लगेच उत्तर देत नाही ना मामा. तोंडावर मुखवटा असतो, हातात नळी असते." पाच सेकंद त्यानं ऐकून ऐकून ठरवलेले होते. मी शिकवताना प्रश्न विचारून किती सेकंद थांबत होतो, हे मी त्यानंतर दोन दिवस आठवत होतो. बहुधा दोनसुद्धा नाही.

यादीत तीन ओळींपुढे 'गप्प' लिहिलंय. हे पोलिसांचे गट. त्यांचं बोलणं कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेलं. खिडकी त्यांचाही पुकारा करते, यंत्राच्या पडद्यावर क्रमांकही उमटतो, पण फलाटावर गेलं की शांतता. ते कुलूप फोडणं तिकडेही गुन्हा आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही २०२३पासून आपले गट असे बंद करायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षं ते ऐकून बातमीला धावणाऱ्या पत्रकारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. दोन्ही बाजूंना म्हणणं आहे. मला मात्र कागदापुरतं बोलायचंय. जे ऐकूच येणार नाही त्याला यादीत जागा कशाला? व्यवहारात उत्तर सोपं आहे: यंत्राला 'इकडे जाऊ नको' असं सांगण्यासाठी क्रमांक भरावाच लागतो. पण नाव द्यायची सक्ती नव्हती. भाच्यानं 'बंद' लिहिलं नाही, 'पोलीस' लिहिलं नाही. 'गप्प' ही कुणीतरी मुद्दाम धरलेली अवस्था आहे. गप्प बसलेला माणूस खोलीत असतोच.

प्रतापगडावर अफझलखानाच्या भेटीनंतर गडावरून तोफेचा इशारा झाला आणि रानात दबलेले मावळे बाहेर पडले, असं आम्ही मुलांना शिकवतो. गड इथून आंबेनळी घाटानं जवळच. तोफ सगळ्यांनीच ऐकली असणार, खानाच्या छावणीनंही. आवाज उघडा होता, गट मात्र बंद होता. कुलूप आवाजावर न घालता अर्थावर घालायची ती रीत. असो. पाठ्यपुस्तकाबाहेर गेलो.

मग इथं, कशेडीला, हवेत काय आहे? कशेडीच्या घाटात महामार्ग पोलिसांची चौकी आहे आणि त्यांचे बिनतारी संच आहेत. ते त्यांचे, आपण ऐकायचे नाहीत. डोंगराच्या पोटातून कोकण रेल्वे जाते, विन्हेऱ्यावरून दिवाणखवटीकडे, वाटेत नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा. १६ जून २००४ला करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली, ते आमच्या तालुक्यांना आठवतं. आता इंजिनचालक आणि गार्ड यांच्याकडे वॉकीटॉकी असतात, प्रत्येक स्टेशनात २५ वॉटचा व्हीएचएफ संच असतो, रुळांलगत सरासरी दर किलोमीटरला आणीबाणीचा फोन जोडायची सोय आहे, आणि वीर ते सापे वामने यांच्यामधल्या सावित्रीच्या पुलावर पाणी चढल्याचा इशारा देणारी यंत्रणा. यात ट्रंक नाही, ढीग नाही, खिडकी नाही. बोलणारे थोडे आणि वाट एकच, तिथं फलाट कुणासाठी वाटायचे? आपल्याकडे ट्रंक आहे ती दाटीच्या ठिकाणी: दिल्लीची मेट्रो टेट्रा नावाच्या पद्धतीवर बोलते, तिथं एका वाहिनीचे काळाच्या मापानं चार तुकडे करून चौघांना देतात. नव्वदच्या दशकापासून मोठ्या शहरांत भाड्यानं ट्रंक सेवा देणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत.

आमच्या घाटाला दाटी वर्षातून एकदाच येते, गणपतीत. २०२३च्या गणपतीच्या तोंडावर कशेडीच्या नव्या बोगद्याची एक बाजू उघडली. त्याआधी चाकरमान्यांच्या गाड्या पोलादपूरपासून घाटमाथ्यापर्यंत मुंगीच्या पावलांनी चढायच्या. ट्रंकमध्ये अशी दाटी झाली की बटण दाबणाऱ्याला एक जाड, नकारार्थी आवाज ऐकू येतो. त्याचा नंबर रांगेत लागतो, आणि जागा झाली की यंत्र स्वतः टीं टीं करून त्याला बोलावतं. ट्रंक कॉलच्या बाकासारखंच, फक्त बाक सेकंदभराचा.

कागदाच्या समासात, आडवं फिरवून लिहिलेली एक ओळ आहे, ती मी एडिसनला असताना नीट वाचली नव्हती: 'फेलसॉफ्ट. तेव्हा जुनी पाटी.' मधला संगणकच बंद पडला तर काय, याची ती नोंद. खिडकी बंद, पुकारा बंद. अशा वेळी रेडिओ ढीग विसरतात आणि प्रत्येक खातं त्याच्यासाठी आधी ठरवून ठेवलेल्या एका फ्रीक्वेन्सीवर जाऊन बसतं. त्या फ्रीक्वेन्सीवर मधूनमधून एक टिकटिक वाजत राहते, की सावध, आज खिडकी नाही. पोलादपूरच्या स्टँडवर वीज गेली की हेच होतं. माइक मुका झाला की सगळे निमूटपणे पाटीकडे बघतात आणि महाबळेश्वरवाले महाबळेश्वरच्या पाटीखाली जमतात. रोज खोटी वाटणारी पाटी त्या दिवशी खरी होते.

ही ओळ मी कशेडीत परतल्यावर, पावसात वाचली, आणि २२ जुलै २०२१ आठवला. महाडात पाणी, रस्ते तुटलेले, वीज गेलेली, मोबाइलचे मनोरे मुके. त्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी यांच्यावरही. बातमी बाहेर पोचायला वेळ लागला, आणि पोचल्यावर माणसं पोचायला आणखी. मी त्या रात्री मोबाइल हातात धरून बसलो होतो, पडद्यावर रेंजची एकही रेघ नाही. प्रत्येक घरात फोन होता. खिडकी बंद पडल्यावर कुठल्या पाटीखाली जमायचं, ते कुणाला माहीत नव्हतं.

आता यादीतली शेवटची ओळ, तेविसावी. क्रमांक आहे, नाव नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आणि पुढे तीन वेळा: ३:१०, ३:०५, ३:२०. तिन्ही पहाटेच्या. स्कॅनरला एक शोधाची अवस्था असते, तिच्यात तो खिडकीवर पुकारला जाणारा प्रत्येक गट धरतो, यादीत असो वा नसो. तसा हा सापडलेला. गटाचा क्रमांक सोळा बिटांचा, म्हणजे पासष्ट हजारांवर क्रमांक शक्य. त्यांतला एक पहाटे तीनला उगवतो, एक-दोन शब्द बोलतो आणि जातो. भाचा रोज गजर लावून उठत होता आणि त्याची बायको आम्हा दोघांवर वैतागली होती. बावीस ओळी माहितीच्या, आणि तेविसावी कुतूहलाची. चांगल्या कवितेत एखादी ओळ अशी लागतेच, जी शिकवताना आपण घाईनं पुढे सरकतो, कारण आपल्यालाही ती कळलेली नसते.

परवा पहाटे त्याचा फोन आला. आवाज तुटत होता, घाटात येतो तसाच. "मामा, कळलं. तेवीस नंबर." रस्ते खात्याचं गॅरेज. बर्फ पडायचा अंदाज असला की रस्त्यावर टाकायचं मीठ गाड्यांत भरावं लागतं. मिठाच्या ढिगापाशी लोडर चालवणारा माणूस पहाटे तीनच्या सुमारास येतो आणि 'आलो' म्हणून कळवतो. बस एवढंच.

मी विचारलं, "मग आता नाव काय देणार?" तो म्हणाला, "अजून नाही दिलं. तुम्ही सांगा. सोळा अक्षरांत बसलं पाहिजे."

फोन कट झाला. मी 'मीठवाला' लिहायला पेन्सिल काढली, रोमन अक्षरं मोजली, बसत होतं. मग ते मी प्रश्नचिन्हाच्या शेजारी, बारीक लिहिलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं नाही. बाहेर पहाटेची पहिली एसटी दुसऱ्या गिअरवर घाट चढत होती.